मुंबईच्या कारभाराचें माप



एखाद्या गृहस्थाचा कारभार चांगला कीं वाईट हें ठरविण्यास आपणांस फारसें साधन लागत नाहीं. घर नीटनेटकें आहे, मुलें निरोगी आहेत, वाण्याची उधारी थकलेली नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरतें. शहराच्या कारभाराविषयीं मात्र असें उंबरठ्यावरून डोकावून सांगतां येत नाहीं. एका गल्लींत नळ धो धो वाहत असतो आणि तिच्याच मागच्या गल्लींत बायका पहाटेपासून कळशा मांडून बसलेल्या असतात. मग त्या शहराला पाणी मिळतें असें म्हणावें कीं मिळत नाहीं असें? उत्तर देण्यासाठीं आंकडा काढावा लागतो. आणि आंकडा काढावयाचा म्हणजे कोणाला तरी मोजावें लागतें व कोणाला तरी गाळावें लागतें. मुंबई शहरांत हें मोजण्याचें काम कसें चाललें, त्यांत कोण मोजला गेला आणि कोण राहून गेला, याचा थोडा वृत्तांत आज मी सांगणार आहें.

प्रारंभ १८६५ पासून करूं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांस मुंबईच्या कापसावांचून गत्यंतर राहिलें नव्हतें. चार वर्षें शहरांत पैशाचा पूर लोटला होता. युद्ध संपतांच १८६५ च्या उन्हाळ्यांत तो ओसरला आणि मोठमोठ्या पेढ्या उघड्या पडल्या. नेमक्या त्याच वर्षीं म्युनिसिपालिटीचा नवा कायदा अमलांत आला. तोंपर्यंत शहराचा कारभार तीन कमिशनरांकडे असे, आणि तिघांच्या हातीं असलेलें काम कोणाच्याच हातीं नसतें हा अनुभव सर्वांना येऊन चुकला होता. नव्या कायद्यानें जस्टिस ऑफ दि पीस या सरकारनियुक्त मंडळींची एक संस्था बनविली, आणि अंमलबजावणीचा सारा अधिकार एका कमिशनरकडे सोंपविला. हे पहिले कमिशनर म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. आरोग्याधिकारी म्हणून त्यांच्या हाताखालीं डॉ. हेवलेट होते.

क्रॉफर्ड यांच्या वांट्यास आलेलें शहर कशा स्थितींत होतें तें डॉ. लीथ यांच्या १८६४ सालच्या आरोग्यविषयक अहवालावरून कळतें. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं शहरांत आलें होतें. परंतु आलेलें पाणी जावें कोठें याची तजवीज कोणीं केली नव्हती. पूर्वीं जें घर विहिरीवरून मोजक्या घागरी आणून भागवीत असे, तेंच नळ आल्यावर हात सैल सोडून पाणी सांडूं लागलें. तें सगळें घरांमधल्या अरुंद बोळांत मुरून कामाठीपुऱ्यासारख्या सखल भागांतील जमीन ओलीचिंब राहूं लागली. मैला उचलण्याचें काम हलालखोरांकडे वंशपरंपरेनें चालत आलेलें होतें व त्याचा मोबदला घरवाले परस्पर देत. म्हणजे जेथें मोबदला थके तेथें मैलाही थके. या काळांत हें काम म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत आलें आणि त्यासाठीं निराळा हलालखोर-कर बसला. रस्ते रुंद झाले, गटारें उपसलीं गेलीं, उघड्यावरचा मांस-मासळीचा बाजार उठून १८६९ सालीं मोठी मंडई उभी राहिली. ही मंडई पुढें कित्येक वर्षें क्रॉफर्ड यांच्याच नांवानें ओळखली जाई. मागाहून तिला महात्मा जोतीबा फुले यांचें नांव देण्यांत आलें.

हें सर्व केल्यानें शहराचें आरोग्य सुधारलें कीं नाहीं हें कशावरून समजावयाचें? हेवलेट यांच्याजवळ मुख्य साधन एकच होतें, आणि तें म्हणजे मेलेल्या माणसांची यादी. मुंबईंत मृत्यूंची नोंद त्यापूर्वीं कांहीं वर्षें चालू झालेली होती. प्रेत स्मशानांत किंवा कबरस्तानांत नेलें म्हणजे मृताचें नांव, वय, जात, राहण्याचा भाग आणि मृत्यूचें कारण हीं टिपून घेत. कारणाच्या रकान्यांत बहुतेक ठिकाणीं एकच शब्द पडे, तो म्हणजे ताप. हिंवताप काय, विषमज्वर काय, क्षय काय, सारे रोग त्या एका शब्दाच्या पोटांत मावत. प्रेत खांद्यावर घेऊन आलेल्या माणसांना रोगाचें शास्त्रीय नांव विचारण्यांत अर्थही नव्हता. तरीसुद्धां ही यादी फार मोलाची होती. ती शहराच्या भागवार लावली म्हणजे अमक्या भागांत या आठवड्यांत पटकीचे मृत्यु अधिक झाले, तमक्या भागांत कमी झाले, हें अधिकाऱ्याला कचेरींत बसून दिसूं शकत असे. तक्रार घेऊन येणारा मनुष्य बहुधा लिहितां-वाचतां येणारा व ओळखपाळख असलेला असतो. मृत्यूच्या यादींत मात्र ज्याची कोणाशीं ओळख नव्हती अशा मनुष्याचीही दखल घेतली जाते, मग ती कितीही उशीरा कां होईना.

या यादीवरून हेवलेट यांनीं मृत्युदर काढला; म्हणजे दर हजार वस्तीमागें वर्षाला किती माणसें मरतात तें प्रमाण काढलें. तो दर असा कांहीं उतरलेला दिसला कीं त्याची वार्ता विलायतेस जाऊन पोंचली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या हिंदुस्थानांत कधींही आलेल्या नव्हत्या, परंतु येथील आरोग्याचे आंकडे त्यांनीं जितक्या बारकाईनें वाचले होते तितके येथील फार थोड्या अधिकाऱ्यांनीं वाचले असतील. १८६९ सालीं त्यांनीं मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांस आनंदानें लिहिलें कीं, गेलीं दोन वर्षें मुंबईचा मृत्युदर लंडनहूनही कमी आहे. आणखी कांहीं दिवसांनीं लोकांना हवापालटासाठीं मुंबईस पाठवावें लागेल, अशा आशयाचा विनोदही त्यांनीं केला.

आतां श्रोत्यांनीं क्षणभर कागद-पेन्सिल हातीं घ्यावी. मृत्युदर हा एक भागाकार आहे. भाज्य म्हणजे मेलेलीं माणसें आणि भाजक म्हणजे जिवंत वस्ती. भाज्य दर आठवड्यास स्मशानांतून येत होता. भाजक आला होता १८६४ च्या शिरगणतींतून, आणि तो होता ८,१६,५६२. पुढची शिरगणती झाली १८७२ सालीं, आणि तींत भरलीं ६,४४,४०५ माणसें! मधल्या आठ वर्षांत सव्वालाखाहून नव्हे, पावणेदोन लाखांच्या जवळपास वस्ती उतरली होती. १८६४ ची गणती झाली तेव्हां कापसाची तेजी शिखरास पोंचलेली होती. सारा कोंकण आणि देश रोजगारासाठीं मुंबईच्या बेटावर लोटला होता. तेजी बुडाल्यावर हीं माणसें आलेल्या वाटेनें परत गेलीं असलीं पाहिजेत. पण वहींत तीं अजून मुंबईंतच रहात होतीं.

केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं असें धरूं कीं एका वर्षांत १६,००० माणसें मेलीं. ८,१६,५६२ नीं भागा : दर हजारीं १९.६ येतात. आतां ६,४४,४०५ नीं भागा : २४.८ येतात. त्या काळीं लंडनचा दर होता सुमारें २४. तेंच शहर, तींच प्रेतें, तींच गटारें. परंतु एका भाजकानें मुंबई लंडनहून निरोगी ठरते आणि दुसऱ्या भाजकानें ठरत नाहीं.

यांत हेवलेट यांची कांहीं लबाडी होती असें मला वाटत नाहीं. १८७२ पर्यंत दुसरी शिरगणती अस्तित्वांतच नव्हती, आणि जो भाजक हातीं आहे त्यानेंच भागावें लागतें. पटकी ओसरली होती, विहारच्या पाण्याचा व साफसफाईचा गुण आला होता, हेंही खरें. पण तुलना करतांना आणखी एक गोष्ट नजरेआड झाली होती. मुंबई हें कमावत्या पुरुषांचें शहर होतें. १८७२ च्या गणतींत दर हजार पुरुषांमागें बायका सहाशेंच्या आसपास होत्या. म्हातारीं माणसें गांवीं, लहान मुलें गांवीं, आणि चाकरमान्याला दुखणें जडलें कीं तोही गांवाकडे जाणाऱ्या गलबतांत किंवा बैलगाडींत चढे. ज्या वयांत माणसें अधिक मरतात तीं वयें मुंबईनें रत्नागिरीच्या व साताऱ्याच्या स्वाधीन केलेलीं होतीं. मुंबईचा मृत्यु पुष्कळदां मुंबईच्या यादींत येतच नसे.

शहरांत त्या वेळीं दुसरेंही एक माप चालूं होतें, आणि तें स्मशानांतल्या मापापेक्षां पुष्कळ अधिक मोठ्यानें बोलत होतें. तें होतें रुपयाचें. क्रॉफर्ड यांनीं खर्च करतांना मागेंपुढें पाहिलें नाहीं. मंजूर रकमांची मर्यादा त्यांनीं ओलांडली, कर्ज वाढलें, आणि घरपट्टी भरणारा वर्ग संतापला. १८७१ सालीं टाउन हॉलमधील जस्टिस मंडळींच्या सभांतून त्यांच्या कारभाराचे वाभाडे निघाले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे जुने, वजनदार पुढारी करदात्यांच्या बाजूनें उभे राहिले. त्याच वर्षीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरनें निबंध वाचून भलतेंच प्रतिपादन केलें. तो म्हणाला कीं क्रॉफर्ड यांनीं केलेलें काम खरें आहे. एका माणसाच्या हातीं सत्ता दिली हा दोष नव्हे, तर त्या माणसावर ज्यांनीं लक्ष ठेवावयाचें ते जस्टिस कोणालाच जबाबदार नाहींत हा दोष आहे, यास्तव करदात्यांनीं निवडून दिलेलें मंडळ त्यांच्या जागीं आणा. श्रोत्यांनीं हुर्यो करून त्याला खालीं बसविण्याचा प्रयत्न केला. तो बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता. क्रॉफर्ड यांना जावें लागलें. (हेच गृहस्थ पुढें पुण्यास असतांना १८८८ सालीं लांचलुचपतीच्या आरोपांवरून चौकशीच्या फेऱ्यांत सांपडले आणि त्यांची नोकरी संपली, परंतु ती हकीकत निराळी, आणि तिच्यामुळें १८६९ ची मंडई कांहीं खोटी ठरत नाहीं.)

या वादळांतून १८७२ चा कायदा जन्मास आला. कॉर्पोरेशनचे ६४ सभासद. त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं, १६ जस्टिसांनीं निवडावयाचे आणि १६ सरकारनें नेमावयाचे. बारा जणांच्या टाउन कौन्सिलनें जमाखर्चावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावयाची. मेहतांचा विचार बहुतांशीं मान्य झाला, व हिंदुस्थानच्या नागरी स्वराज्याच्या इतिहासांत या कायद्याला मानाचें स्थान आहे तें योग्यच आहे. तरीही एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या कायद्यानें मत दिलें तें वर्षाला ५० रुपये कर भरणाराला. म्हणजे कारभाराचीं जीं दोन मापें शहरापुढें होतीं, त्यांपैकीं रुपयाच्या मापाला कायद्यानें पहारेकरी मिळाले. तपासणीस, टाउन कौन्सिल, मतदार असे सारे त्याच्याभोंवतीं उभे राहिले. मृत्यूच्या मापाला मिळालें तें वार्षिक अहवालांतलें एक परिशिष्ट. कामाठीपुऱ्यांतील ओल्या जमिनीवर निजणारा मनुष्य भाज्यांत होता, भाजकांतही होता, पण विचारणाऱ्यांत मात्र नव्हता.

१८८८ च्या कायद्यानें सभासदांची संख्या ७२ झाली व म्युनिसिपालिटीनें कोणतीं कामें केलींच पाहिजेत आणि कोणतीं मर्जीनें करावीं याची नीट विभागणी झाली. १८९२ सालीं तानसाचें पाणी आलें. अहवाल सुबक छापले जाऊं लागले, आणि एकंदरींत सर्व ठीक चाललें आहे असा समज पसरला.

तो समज १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत संपुष्टांत आला. गोव्यांत जन्मलेले आणि कॉर्पोरेशनचे सभासद असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनीं तेथील रोगी तपासून हा गांठीचा प्लेग आहे असें निदान केलें. त्यानंतर मोजण्याच्या कामाची जी दैना उडाली ती सांगण्यासारखी आहे. प्लेग लिहिला कीं घराची झडती, माणसांची रवानगी, सामानाची जाळपोळ. म्हणून घरोघर प्लेग लपविला जाऊं लागला. आठवड्याच्या तक्त्यांत प्लेगच्या रकान्यांत जितके मृत्यु दिसत, त्यांशिवाय ताप आणि छातीचे विकार या रकान्यांत न भूतो अशी वाढ दिसे. अखेर आंकड्यांच्या जाणकारांनीं कारणाचा रकाना बाजूला ठेविला. मागील वर्षांत याच आठवड्यांत सरासरी किती माणसें मरत तें पाहावयाचें, आणि त्यापेक्षां जितकीं अधिक मेलीं तितका प्लेग समजावयाचा. घरच्या माणसांना रोगाचें नांव बदलतां येई. प्रेत लपवितां येत नसे. आणि भाजक? १८९१ च्या गणतीप्रमाणें ८,२१,७६४ वस्ती असलेलें शहर १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे रिकामें झालें होतें. बोरीबंदरावर आणि गोदीवर माणसांची रीघ लागलेली. अशा वेळीं दर हजारीं किती मेले या प्रश्नाला उत्तर देणें म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ ओढण्यासारखें होतें.

१९०१ ची शिरगणती प्लेगच्या दिवसांतच झाली व तींत ७,७६,००६ माणसें भरलीं. हा आंकडा शहराची खरी वस्ती दाखवीत नाहीं ही जाणीव म्युनिसिपालिटीला होतीच. म्हणून १९०६ सालीं तिनें पुढच्या दशवार्षिक गणतीची वाट न पाहतां आपली स्वतःची गणती केली. तींत भरलीं ९,७७,८२२. मधल्या पांच वर्षांत कांहीं वस्ती खरोखर वाढली असेल, कांहीं परत आली असेल; पण जुन्या भाजकाऐवजीं हा नवा भाजक घेतला तर मृत्युदर एकदम पांचव्या हिश्श्यानें उतरतो. मला या गणतीचें विशेष कौतुक वाटतें. आपली मापाची काठी वांकडी आहे असा संशय येऊन ती सरळ करण्यासाठीं एखाद्या म्युनिसिपालिटीनें पदरचे पैसे खर्चावे, हें नित्य घडत नाहीं. तिनें काढलेला आंकडा तिच्या सोयीचा निघाला, तरी काठी सरळ करण्याचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

आतां या कथेचा जो भाग माझ्या स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोंचतो तो सांगतों. १९२१ सालीं मुंबईचा बालमृत्यूचा आंकडा प्रसिद्ध झाला : नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक बालकें वर्षाचीं होण्याआधींच गेलीं. विलायतेंत त्या सुमारास हें प्रमाण शंभराच्याही खालीं आलेलें होतें. आंकडा पाहून जो तो हादरला, आणि लगोलग त्याचा खुलासाही पुढें आला. तो असा : आमच्या बायका बाळंतपणाला माहेरीं जातात. मूल जन्मतें कोंकणांत किंवा घांटावर. चार-पांच महिन्यांचें झालें म्हणजे आई त्याला घेऊन मुंबईस येते. तें मरतें मुंबईंत. म्हणजे मृत्यु मुंबईच्या खातीं पडतो आणि जन्म पडत नाहीं. भाज्य फुगतो, भाजक आटतो.

खुलासा खोटा नव्हता. माझ्या पणजीचा थोरला मुलगा दापोली तालुक्यांत आजोळीं जन्मला, पांचव्या महिन्यांत परळच्या खोलींत आला, आणि पुढचा पावसाळा त्यानें पाहिला नाहीं. मुंबईच्या मृत्यूंत तो आहे, जन्मांत नाहीं. घरांत त्याचें नांव पुढें कोणाला ठेविलें नाहीं, एवढीच त्याची आमच्याकडील नोंद. परंतु हा खुलासा ऐकून जे निर्धास्त झाले त्यांनीं त्याच कोष्टकाची दुसरी बाजू पाहिली नव्हती. त्याच वर्षीं खोल्यांच्या संख्येप्रमाणें बालमृत्यु निराळे काढलेले होते. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजारीं ८२८. चार किंवा अधिक खोल्या असलेल्या कुटुंबांत १३३. माहेरीं जाण्याची चाल गिरगांवांतल्या चार खोल्यांच्या बिऱ्हाडांतही होतीच कीं! तेथील सूनही बाळंतपणाला आईकडेच जाई. एका खोलीच्या आंकड्यांत ही चूक थोडी अधिक शिरली असेल असें मानलें, तरी एवढ्यानें आठशें अठ्ठावीस आणि एकशें तेहतीस यांमधील अंतर भरून निघत नाहीं. भाजक दुरुस्त करणें अवश्य होतें. पण येथें त्याच्या दुरुस्तीचा उपयोग मूळ गोष्ट झांकण्याकडे झाला, असें माझें स्पष्ट मत आहे.

या खोल्यांतील माणसांना विचारणाऱ्यांत जागा मिळावयास आणखी काळ लागला. १९२२ सालीं दरमहा दहा रुपये भाडें भरणाऱ्या भाडेकरूस कॉर्पोरेशनचें मत मिळालें. चाळींतील एका खोलीचें भाडें बहुधा त्याहून कमीच असे. सरसकट सर्व प्रौढ नागरिकांच्या मतांवर मुंबईची म्युनिसिपल निवडणूक झाली ती १९४८ सालीं. म्हणजे हेवलेट यांच्या पहिल्या तक्त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळानें.

हा सारा जुन्या काळचा विषय झाला असें कोणास वाटेल. २०२० च्या उन्हाळ्यांत करोनाच्या सांथींत मुंबईंतून माणसें पुन्हां १८९७ प्रमाणें मिळेल त्या वाटेनें गांवीं निघालीं. त्या जूनमध्यें महानगरपालिकेच्या नोंदी ताडून पाहण्यांत आल्या, तेव्हां आधीं सांथीच्या रकान्यांत न आलेले आठशेंहून अधिक मृत्यु त्यांत एकदम मिळवावे लागले. नंतर अभ्यासकांनीं खरी हानि ठरविण्यासाठीं प्लेगच्या काळचीच रीत हातीं घेतली : मागील वर्षांची सरासरी काढा, आणि वरचे मृत्यु मोजा. भाजकासाठीं त्यांना मागें जावें लागलें तें २०११ च्या जनगणनेकडे. तींत बृहन्मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ भरली होती. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळीं झालीच नाहीं. त्यामुळें त्या वर्षानंतरही दरडोई पाणी किती, दर हजारीं मृत्यु किती, हे हिशेब त्याच आंकड्यावर किंवा त्यावरून बांधलेल्या अंदाजांवर चालत राहिले. नाइटिंगेलबाईंनीं फ्रिअरसाहेबांना आनंदाचें पत्र लिहिलें तेव्हां हेवलेट यांचा भाजक पांच वर्षांचा जुना होता.